छायाचित्राच्या साहाय्याने रंगांचा पाठ : एकलहरे परिसरातील उदाहरणे

चित्रकलेच्या तासाला तांबडा, पिवळा व निळा हे तीन मूळ रंग होत, असे विद्यार्थी पाठ म्हणतो. तोच विद्यार्थी वरच्या इयत्तेत गेला म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकात तांबडा, हिरवा व निळा हे प्रकाशाचे प्राथमिक रंग असल्याचे वाचतो. दोन्ही विधाने त्याने तोंडपाठ केलेली असतात व दोहोंबद्दल त्यास गुणही मिळालेले असतात. परंतु एका ठिकाणी पिवळा आणि दुसऱ्या ठिकाणी हिरवा असा फरक का, हे त्यास सहसा कोणी सांगत नाही. चौकस मुलाने विचारलेच, तर "ते शास्त्रातले आणि हे चित्रकलेतले" असे उत्तर देऊन वेळ निभावून नेली जाते. हे उत्तर मुलाच्या बुद्धीवर अन्याय करणारे आहे. चित्रकलेत एक सत्य आणि शास्त्रात दुसरे, अशी समजूत एकदा मनात बसली की ती रंगांपुरती राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आता प्रत्येक गावात, बहुतेक घरांत पोहोचलेल्या एका वस्तूत आहे. ती वस्तू म्हणजे मोबाइलमधील कॅमेरा. शाळेत मोबाइल हा उपद्रव समजला जातो व ते पुष्कळ अंशी खरेही आहे. परंतु येथे विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल देण्याचा प्रश्न नाही. वर्गासाठी शिक्षकाचा एक मोबाइल पुरेसा होतो. ज्यांच्या घरी मोबाइल नाही, किंवा असून तो वडिलांबरोबर कामावर जातो, अशा मुलांना कमीपणा वाटू नये म्हणून चित्र टिपण्याचे काम पाळीपाळीने सर्वांना द्यावे, व उरलेल्यांनी पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून तिच्यातून दृश्य पाहावे. काय चौकटीत घ्यावे व काय वगळावे याचे शिक्षण या पुठ्ठ्यानेही तितकेच मिळते.

परिसराची निवड

पाठासाठी नाशिक तालुक्यातील एकलहरे हे गाव उदाहरण म्हणून घेतले आहे. गोदावरीच्या काठच्या या गावाजवळ औष्णिक विद्युत केंद्र उभे राहिले. त्याचे पहिले दोन संच १९७० व १९७१ साली सुरू झाले, आणि १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॉटच्या आणखी तीन संचांची भर पडली. उंच धुरांडी, कोळसा, राख, नदी, काळी जमीन, ऊस, कांदा व द्राक्षांचे मळे एवढे सारे एका फेरफटक्यात पाहावयास मिळते. रंगाचा पाठ म्हटला की शिक्षकास फुलबाग व इंद्रधनुष्य आठवते. परंतु रंगाविषयी शिकविण्याजोगे जितके राखेत व धुरात आहे, तितके गुलाबाच्या ताटव्यात नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल. आपले गाव धुराचे व राखेचे, त्यात पाहण्याजोगे काय असणार, असे मानणाऱ्या मुलास तर हा पाठ अधिकच उपयोगी आहे.

पडद्यावरचा पिवळा आणि कागदावरचा पिवळा

आरंभ वर्गातच करावा. मोबाइलच्या पडद्यावर पांढऱ्या कागदाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र आणावे आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब पडद्यावर ठेवावा. थेंब मोहरीएवढा असावा. मोठा थेंब पसरतो व मोबाइलासही अपाय होतो. हा थेंब भिंगाचे काम करतो. त्यातून पाहणाऱ्या मुलास पांढऱ्याच्या जागी तांबडे, हिरवे व निळे असे चिमुकले ठिपके दिसू लागतात. मग झेंडूच्या किंवा लिंबाच्या चित्राचा पिवळा भाग थेंबाखाली आणावा. तेथे पिवळा ठिपका एकही सापडत नाही. निळे ठिपके विझलेले व तांबडे आणि हिरवे तेवढे पेटलेले, असे दृश्य दिसते. मुलांनी ते स्वतः पाहिल्याशिवाय शिक्षकाने एक शब्दही बोलू नये. पिवळ्या लिंबाच्या चित्रात पिवळा रंगच नाही, या आश्चर्याने वर्ग जितका जागा होतो, तितका व्याख्येने कधीच होत नाही.

त्यानंतर दिनदर्शिकेवरील किंवा वर्तमानपत्रातील रंगीत चित्र घेऊन ते साध्या भिंगाखाली धरावे. तेथेही ठिपकेच दिसतील. परंतु ते निराळ्या रंगांचे असतील. एक पिवळा, एक गुलाबीकडे झुकणारा किरमिजी, एक मोरपिसाच्या छटेचा निळा, आणि चौथा काळा. छापखान्यातील माणसे यांतील दुसऱ्यास मॅजेंटा व तिसऱ्यास सायन म्हणतात. हिरवे पान छापताना येथे पिवळा आणि सायन एकमेकांजवळ किंवा एकमेकांवर पडलेले दिसतील.

आता दोन्ही निरीक्षणे शेजारी ठेवून कारण सांगावे. पडदा स्वतः प्रकाश देतो. अंधारापासून आरंभ करून त्यात तांबडा, हिरवा, निळा प्रकाश मिळवीत गेले की उजेड वाढत जातो व शेवटी पांढरा होतो. कागदाचे याच्या उलट आहे. त्याचा आरंभ पांढऱ्यापासून होतो, आणि शाईचा प्रत्येक थर पडणाऱ्या प्रकाशातील काही भाग गिळून टाकतो. पिवळी शाई निळा प्रकाश गिळते, मॅजेंटा हिरवा गिळते, सायन तांबडा गिळते. पिवळी आणि सायन एकावर एक आल्या म्हणजे निळा गेला, तांबडा गेला, उरला तो हिरवा. एकीकडे रंगांची बेरीज आहे, दुसरीकडे वजाबाकी. चित्रकलेच्या तासाला जो निळा व तांबडा म्हणून शिकविला जातो, तो या सायन व मॅजेंटा यांचा जुना, ढोबळ प्रतिनिधी होय. म्हणजे चित्रकलेचे पुस्तक खोटे नाही आणि विज्ञानाचेही नाही. दोन वेगळ्या क्रियांचे ते दोन हिशेब आहेत.

बेरजेचा पडताळा पाहण्यासाठी तीन विजेऱ्यांच्या तोंडावर तांबडा, हिरवा व निळा जिलेटिन कागद बांधून अंधाऱ्या खोलीत त्यांचे झोत पांढऱ्या भिंतीवर एकाच जागी पाडावेत. तांबडा व हिरवा मिळून पिवळा होतो, हे भिंतीवर उघड दिसते. तिन्ही झोतांच्या मध्ये हात धरला तर त्याच्या सावल्या काळ्या न पडता रंगीत पडतात. या सावल्यांत सायन, मॅजेंटा व पिवळा असे नेमके छपाईचेच रंग का सापडतात, हे वरच्या इयत्तेच्या मुलांना विचारून पाहावे. बाजारातील जिलेटिन कागद शुद्ध नसल्यामुळे तिन्ही मिळून स्वच्छ पांढरा रंग येणार नाही, किंचित कळकट येईल. ते शिक्षकाने आधीच सांगून टाकावे, म्हणजे प्रयोग फसला असे वाटणार नाही.

छपाईचा हा विषय नाशिककरांच्या उंबरठ्यावरचा आहे. एकलहऱ्यापासून थोड्याच अंतरावर नाशिकरोड येथे १९२५ साली सिक्युरिटी प्रेस व १९२८ साली चलनी नोटांचा छापखाना सुरू झाला. तोपर्यंत भारताची टपाल तिकिटे व नोटा विलायतेत छापल्या जात. आजची शंभराची नोट फिकट जांभळी, दोनशेची गडद पिवळी व पाचशेची करडी असते. पाचशेच्या नोटेतील सुरक्षा धागा तर नोट तिरकी केली असता हिरव्याचा निळा दिसू लागतो. हा रंग शाईने प्रकाश गिळल्यामुळे उत्पन्न झालेला नसून साबणाच्या फुग्यावरील रंगांच्या जातीचा, पातळ थरावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या खेळाने निर्माण झालेला आहे. म्हणूनच साध्या छायाचित्रात अगर नकलेत तो उतरत नाही. नोटेचे चित्र मात्र काढू नये. ती हातात घेऊन पाहावी.

याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचा आरंभीचा व्यवसायही छायाचित्रणाचा व छपाईचा होता. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. पुढे १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट दाखविला, तो अर्थातच कृष्णधवल होता. रंगासाठी समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाचे नाव रंगहीन चित्राने अजरामर व्हावे, हा योगायोग मुलांना सांगण्यासारखा आहे.

कॅमेरा रंग कसा ओळखतो

झेंडूचे फूल, हिरवे पान व पांढरा कागद या तीन वस्तू एकत्र ठेवाव्यात. कॅमेऱ्यापुढे तांबडा जिलेटिन कागद धरून त्यांचे चित्र घ्यावे व ते मोबाइलमध्येच कृष्णधवल करावे. नंतर हिरव्या व निळ्या कागदांतून तसेच करावे. तांबड्यातून फूल कागदाइतके उजळ दिसते व पान काळवंडते. निळ्यातून पाहिले तर फूल पार काळे पडते. तिन्ही चित्रे कृष्णधवलच आहेत. पण ती शेजारी ठेवली म्हणजे फुलाचा व पानाचा रंग त्यांत लपलेला आहे, हे ध्यानात येते. तुलना नेहमी त्याच चित्रातील पांढऱ्या कागदाशी करावी, कारण कॅमेरा आपणहून प्रत्येक चित्र कमीजास्त उजळ करीत असतो.

नेमकी हीच रीत १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखविली. थॉमस सटन यांनी रंगीत चौकड्यांच्या फितीची तीन रंगीत गाळण्यांतून तीन छायाचित्रे घेतली होती. ती तशाच गाळण्यांतून एकाच पडद्यावर पाडताच रंगीत प्रतिमा उमटली. रंगीत छायाचित्राचा आरंभ येथून मानतात. या प्रयोगात एक मौज आहे. त्या काळच्या काचेवरील लेप तांबड्या प्रकाशास जवळजवळ दाद देत नसे, मग तांबड्याचे चित्र निघाले कसे? शंभर वर्षांनी, १९६१ साली, या कोड्याचा उलगडा झाला. फितीतील तांबड्या कापडावरून डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाशही परावर्तित होत होता आणि तांबड्या गाळण्यातून तोही पार जात होता. लेपावर ठसा उमटला तो त्याचा. मॅक्सवेल यांचा सिद्धांत बरोबर होता, परंतु त्या दिवशीच्या यशास दैवाचाही हातभार लागला.

मोबाइलमध्ये तीन चित्रे वेगळी घ्यावी लागत नाहीत. कॅमेऱ्यातील पृष्ठावर लाखो सूक्ष्म कण असून प्रत्येकावर तांबड्या, हिरव्या किंवा निळ्या रंगाचा गाळणा बसविलेला असतो. ही मांडणी ब्राइस बायर यांनी कोडॅक कंपनीत असताना योजली व १९७६ साली तिचे पेटंट मिळाले. तीत हिरवे गाळणे निम्मे असून तांबडे व निळे प्रत्येकी पाव असतात, कारण बारीक तपशील ओळखण्यासाठी आपला डोळा हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशावर अधिक विसंबून असतो.

धूर निळा की तपकिरी

आता वर्गाबाहेर पडावे. विद्युत केंद्राच्या आत जाण्याचे कारण नाही. धुरांडी दूरवरून दिसतात. एखाद्या मुलाने धुराचा रंग सांगावयाचा व दुसऱ्याने तो खोडून काढावयाचा, असा वाद बहुधा आपोआप उभा राहतो. शेकोटीचा, चुलीचा किंवा धुरांड्याचा विरळ धूर गर्द झाडीसमोर आला तर निळसर दिसतो आणि उजळ आकाशासमोर आला तर तपकिरी किंवा पिवळट दिसतो. धूर तोच, पार्श्वभूमी वेगळी. दोन्ही चित्रे घेऊन शेजारी दाखवावीत.

वर्गात हाच प्रयोग उदबत्तीने करता येतो. काळ्या फळ्यासमोर बाजूने उजेड घेऊन धूर पाहावा, मग उघड्या खिडकीसमोर पाहावा. धुराचे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात व तांबडा त्यामानाने सरळ जाऊ देतात. फळ्यासमोर आपण विखुरलेला प्रकाश पाहतो म्हणून निळसर. खिडकीसमोर पार होऊन आलेला पाहतो म्हणून तपकिरी. हाच नियम लावून लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली आकाशाच्या निळ्या रंगाचे व सूर्यास्ताच्या तांबडेपणाचे स्पष्टीकरण केले. पन्नास वर्षांनी, १९२१ साली, चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी समुद्रप्रवासात पाण्याच्या निळाईचा विचार आरंभिला, आणि त्याच वाटेने पुढे १९२८ साली त्यांचा सुप्रसिद्ध शोध लागला.

भाताच्या पातेल्यावरची वाफ मात्र कोणत्याही बाजूने पांढरीच. तिच्यातील पाण्याचे थेंब धुराच्या कणांहून पुष्कळ मोठे असल्यामुळे ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. ढग पांढरा दिसतो तोही याच कारणाने. धूर आणि वाफ यांतील हा भेद विद्युत केंद्राशेजारी राहणाऱ्या मुलांना तरी ठाऊक असलाच पाहिजे. पांढरे लोट पाहून घाबरावयाचे आणि फिकट निळसर पट्ट्याकडे दुर्लक्ष करावयाचे, असे पुष्कळदा घडते. वास्तविक बारीक कणांची खूण त्या निळसर छटेत असते.

राखेची वीट आणि खरा रंग

कोळशाची राख सिमेंटमध्ये व विटांमध्ये वापरली जाते. राखेची करडी वीट, भट्टीत भाजलेली लाल वीट व पांढरा कागद या तीन वस्तू घेऊन मुलांनी त्यांचे चित्र चार ठिकाणी घ्यावे : दुपारच्या उन्हात, निळ्या आकाशाखालच्या सावलीत, संध्याकाळच्या किरणांत आणि घरातील पिवळ्या दिव्याखाली. मोबाइलमध्ये रंगसंतुलनाची, म्हणजे 'व्हाइट बॅलन्स'ची सोय असल्यास ती उन्हावर स्थिर ठेवावी. तसे केले असता कागद सावलीत निळसर, संध्याकाळी केशरी व दिव्याखाली पिवळा उमटतो. चारही ठिकाणी डोळ्यांना मात्र कागद पांढराच दिसलेला असतो. मेंदू दिव्याचा रंग वजा करून वस्तूचा रंग सांगत असतो. कॅमेरा पडलेल्या प्रकाशाची नोंद करतो. स्वयंचलित संतुलन चालू ठेवले तर कॅमेराही मेंदूची नक्कल करू पाहतो, परंतु त्यास अंदाज बांधावा लागतो आणि तो अंदाज चुकतो. सगळी चौकट झेंडूने भरून टाकली तर फुलांचा केशरीपणा दिव्याचाच समजून तो फिका करून टाकण्याचा संभव असतो.

म्हणून छायाचित्रकार वस्तूशेजारी करड्या रंगाचा पुठ्ठा ठेवतात. त्या पुठ्ठ्यात कोणत्याही एका रंगाकडे कल नसल्यामुळे चित्रात तो निळा दिसला तर प्रकाश निळा, पिवळा दिसला तर प्रकाश पिवळा, असे ठरविता येते. एकलहऱ्यात हे काम राखेची वीट बऱ्यापैकी करते. काही राख किंचित तपकिरी असते, तेव्हा अचूक कामासाठी विटेवर विसंबू नये, पांढरा कागद घ्यावा. तरीही ज्या राखेकडे गावात केवळ उपद्रव म्हणून पाहिले जाते, ती रंगाची साक्षीदार होऊ शकते, ही गोष्ट मुलांना आवडते.

हा प्रयोग म्हणजे वर्गातला निव्वळ खेळ आहे, असे कोणी समजू नये. नाशिक जिल्ह्यातील शेतकरी आज रोगट पानाचे छायाचित्र मोबाइलवरून सल्लागाराकडे किंवा दुकानदाराकडे पाठवितो व त्यावरून औषध ठरते. पानाचा पिवळेपणा हा निदानाचा मोठा आधार असतो. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्राची उणीव संभवते. कोवळी, शेंड्याकडील पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची. आता तेच पान सूर्यास्ताच्या उन्हात किंवा पिवळ्या दिव्याखाली टिपले तर निरोगी पानही पिवळट दिसते, आणि सावलीत टिपले तर आजारी पान निळसर छटेमुळे हिरवे वाटू शकते. नको असलेल्या खताचा व फवारणीचा खर्च, किंवा हवी असलेली फवारणी न झाल्याने गेलेला बाग, यांस चित्रातील चुकीचा रंगही कारण होऊ शकतो.

भातपिकासाठी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रचारात आणलेली पानांच्या रंगांची पट्टी या दृष्टीने मुलांना दाखविण्यासारखी आहे. तिच्यावर फिकटापासून गर्द हिरव्यापर्यंतच्या छटा असतात व त्यांच्याशी पान जुळवून नत्र द्यावयाचे की नाही हे ठरवितात. ही पट्टी वापरताना पानावर थेट ऊन पडू न देता ते आपल्या अंगाच्या सावलीत धरावे, दर वेळी एकाच सुमारास पाहावे व शक्यतो एकाच माणसाने पाहावे, असा दंडक आहे. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भाताच्या तालुक्यांतील शिक्षकांना ही पट्टी कृषी खात्याकडे चौकशी करून पाहता येईल. एकलहरे भागात कांद्याच्या पातीचे किंवा द्राक्षाच्या पानाचे चित्र काढावयाचे, शेजारी पांढरा कागद ठेवावयाचा, वेळ लिहून ठेवावयाची, आणि एक चित्र पूर्ण पानाचे व एक संपूर्ण झाडाचे घ्यावयाचे, एवढी शिस्त पाचवीतले मूलही पाळू शकते. ती त्याने घरी वडिलांना सांगितली तर या पाठाचे चीज झाले.

शेजारचा रंग

रंग प्रकाशावर अवलंबून असतो, तसा शेजारावरही. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे करून एक तांबड्या व दुसरा हिरव्या पुठ्ठ्यावर चिकटवावा. दोन्ही तुकडे एकाच कागदाचे आहेत, यावर मुलांचा विश्वास बसणार नाही. मग दोन भोके पाडलेला पांढरा कागद वर ठेवून भोवतालचा रंग झाकावा; तुकडे सारखे दिसू लागतील. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगखात्याचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांच्याकडे, काळा धागा विणल्यावर फिका दिसतो अशी तक्रार आली होती. धाग्याच्या रंगात दोष नव्हता, शेजारच्या धाग्याचा तो परिणाम होता, हे त्यांनी शोधून काढले व १८३९ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

येवल्याच्या पैठणी विणकरांना ही विद्या हाताने अवगत आहे. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. कापड हलले की कधी एक रंग पुढे येतो, कधी दुसरा. अशा पदराचे एकच चित्र काढून त्याचा रंग सांगता येत नाही. मुलांनी त्याच जागेची समोरून एक व तिरपी एक अशी दोन चित्रे घ्यावीत व दोन्हींची नावे एकाच रंगाने देता येतात का, ते पाहावे. घरातील आजीचे रेशमी लुगडे मिळाले तर फारच उत्तम. ते हाताळताना हात धुतलेले असावेत.

हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हे उदाहरण मुले येथे हमखास देतील. ते वेगळ्या वर्गातले आहे, हे स्पष्ट करावे. तेथे पदार्थच बदलला. येथे पदार्थ तोच राहून दिसणे बदलले.

ज्या मुलास रंग वेगळे दिसतात

या पाठाच्या वेळी शिक्षकाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे. वर्गात एखादा मुलगा तांबडा खडू मागितला असता तपकिरी अगर हिरवा देतो, पानाला तपकिरी रंग भरतो, पिकलेला टोमॅटो पानांत चटकन ओळखत नाही. त्यास वेंधळा किंवा मठ्ठ ठरविले जाते, प्रसंगी शिक्षाही होते. पुष्कळदा तो दोष डोळ्यांतील रंगग्राही पेशींचा असतो व जन्मापासून असतो. तांबडा-हिरवा भेद न कळण्याचा हा प्रकार मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळतो, कारण तो आईकडून मुलाकडे येणाऱ्या गुणसूत्राशी निगडित आहे. आईची दृष्टी मात्र बहुधा निर्दोष असते, म्हणून घरात कोणाच्या ते लक्षात येत नाही. प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांची दृष्टी अशीच होती. त्यांनी १७९४ साली स्वतःच्याच दृष्टीविषयी निबंध वाचला.

इतर मुलांना याची थोडी कल्पना यावी म्हणून टोमॅटोच्या झाडाचे रंगीत चित्र कृष्णधवल करून दाखवावे. तांबडे फळ व हिरवे पान जवळजवळ एकाच करड्या छटेचे होऊन जातात आणि फळे मोजणे कठीण पडते. रंगदोष असलेल्या मुलास जग कृष्णधवल दिसत नाही, निळा व पिवळा त्यास चांगले कळतात, हे त्याच वेळी सांगावे. अन्यथा एका गैरसमजाच्या जागी दुसरा बसेल.

शिक्षकाने स्वतः निदान करू नये. संशय आल्यास पालकांना खाजगीत सांगून नेत्रतपासणीस पाठवावे. जपानी डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या तक्त्यांनी ही तपासणी काही मिनिटांत होते. मोबाइलच्या पडद्यावर ते तक्ते पाहून निर्णय करणे योग्य नव्हे. पडदा रंग कसा दाखवील याचा भरवसा नसतो, हे मुले याच पाठात शिकली आहेत. रेल्वेचे इंजिन चालविणे यांसारख्या कामांसाठी रंगदृष्टी पाहिली जाते. कोळशाच्या गाड्या रोज पाहणारा मुलगा चालक होण्याचे स्वप्न बाळगीत असेल, तर ही गोष्ट त्यास विशीत उमेदवारी करताना कळण्यापेक्षा शाळेतच कळलेली बरी.

वर्गातील व्यवस्था सोपी आहे. रंगीत खडूंवर व कांड्यांवर रंगाचे नाव चिकटवावे. हिरव्या फळ्यावर तांबड्या खडूने लिहू नये; पांढरा किंवा पिवळा वापरावा. नकाशात दोन प्रदेश केवळ तांबड्या-हिरव्याने वेगळे न दाखविता एकात आडव्या रेघा व दुसऱ्यात ठिपके भरावेत. चित्रकलेच्या परीक्षेत पान तपकिरी रंगविल्याबद्दल अशा मुलाचे गुण कापू नयेत, आणि छायाचित्रांच्या या पाठात त्याच्याकडे चौकट निवडण्याचे व उजेड-सावली जुळविण्याचे काम द्यावे.